मशीन शॉपमधील इंटर्नशिप : पहिल्या दिवसापासून अखेरच्या सहीपर्यंत

चाकण, भोसरी, रांजणगाव, नाशिकचे सातपूर आणि अंबड, संभाजीनगरजवळचे वाळूज, कोल्हापूरचे शिरोली अशा औद्योगिक वसाहतींमध्ये दरवर्षी परीक्षा संपल्या की अभियांत्रिकी पदवीचे आणि पदविकेचे विद्यार्थी इंटर्नशिपसाठी येऊ लागतात. कोणी सहा आठवड्यांसाठी येतो, तर कोणी सहा महिन्यांसाठी. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातील गुणवत्ता विभागात मी काम करतो आणि दरवर्षी अशा काही विद्यार्थ्यांची जबाबदारी माझ्याकडे असते. महाविद्यालयातून निघताना त्या सर्वांना एकच उपदेश मिळालेला असतो : पुढाकार घ्या आणि मेहनत करा. मात्र मशीन शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांवर धातूचे भाग कापून घडवतात त्या विभागात, पुढाकार घेणे म्हणजे सकाळी सात वाजता नेमके काय करणे, हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेले नसते. म्हणून हा लेख लिहीत आहे.

बहुतेक नवख्या विद्यार्थ्यांना वाटते की पुढाकार म्हणजे काहीतरी नवीन सुचवणे. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात कोणी रोबोट बसवण्याची सूचना करतो, तर कोणी उत्पादनाच्या संपूर्ण ओळीची मांडणी बदलण्याचा आराखडा आणतो. त्यांच्या उत्साहाचे मला कौतुक आहे, पण त्या सूचना सहसा कागदावरच राहतात, कारण त्यांच्यामागे निरीक्षण नसते. आमच्या कामात पुढाकाराचा अर्थ अधिक साधा आणि अधिक कष्टाचा आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एखादी लहान गोष्ट मोजावी, लिहून ठेवावी, ती ज्याच्या अखत्यारीत येते त्याच्यापर्यंत न्यावी आणि पुढे तिचे काय झाले ते तड लागेपर्यंत पाहावे. पुढील सर्व टप्पे याच अर्थाला धरून आहेत.

रुजू होण्यापूर्वी

कारखान्याकडून होकार आल्यावर तो कोणते भाग बनवतो आणि ते भाग वाहनात कुठे बसतात, हे आधी समजून घ्यावे. क्रँकशाफ्ट, गिअर, ब्रेक डिस्क किंवा स्टीअरिंगचा एखादा सांधा असेल, तर त्या भागावर भार कसा येतो आणि त्याचे कोणते माप चुकले तर काय बिघडेल, याचा विचार आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आधारे घरी बसूनही करता येतो. एवढी तयारी करून आलेला विद्यार्थी पहिल्याच भेटीत ओळखू येतो, कारण तो ‘इथे काय बनते’ असे न विचारता ‘या पृष्ठभागाला ग्राइंडिंग का लागते’ असे विचारतो.

ड्रॉइंग वाचण्याचा आणि मोजमापाचा सराव ताजा करून यावा. नेहमीच्या व्हर्निअरचे लीस्ट काउंट (मोजता येणारे सर्वांत लहान माप) ०.०२ मिलिमीटर असते आणि साध्या मायक्रोमीटरचे ०.०१ मिलिमीटर, हे सर्वांना तोंडपाठ असते. परंतु प्रत्यक्ष भाग हातात दिला की तीन विद्यार्थी तीन वेगळी मापे सांगतात, कारण मायक्रोमीटरचे रॅचेट (दाब सारखा ठेवणारी टोकाची फिरकी) किती फिरवायचे आणि भाग कसा धरायचा याची हाताला सवय नसते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दोन दिवस बसून एकच दंडगोल वीस वेळा मोजावा आणि आपल्या मापांमध्ये किती फरक पडतो ते पाहावे. पुढच्या सर्व आठवड्यांत ही तयारी उपयोगी पडते.

महाविद्यालयाचे पत्र, ओळखपत्र आणि मागितला असल्यास अपघात विम्याचा कागद सोबत ठेवावा. कोणता विभाग मिळणार, कोणती पाळी असेल, कंपनीची बस कोणत्या थांब्यावरून सुटते आणि सेफ्टी शूज कंपनी देणार की आपले आणायचे, एवढे प्रश्न आधीच फोन किंवा ईमेल करून विचारून घ्यावेत. मुलींनी बुटांचा क्रमांक आवर्जून कळवावा. लहान मापाचे सेफ्टी शूज अनेक भांडारांमध्ये शिल्लक नसतात आणि त्यापायी पहिले दोन-तीन दिवस ऑफिसमध्ये बसून वाया गेल्याचे मी पाहिले आहे. दुसरी पाळी मिळाली तर रात्री परत जाण्याच्या वाहनाची व्यवस्था काय आहे, हे विचारण्यातही संकोच बाळगू नये.

पहिले तीन दिवस : हात मागे, डोळे उघडे

या तीन दिवसांत कोणत्याही यंत्राला, बटणाला किंवा गेजला (माप तपासण्याच्या साधनाला) सांगितल्याशिवाय हात लावू नये. अंगठी, कडे, गळ्यातील साखळी आणि ओळखपत्राची लोंबती दोरी काढून ठेवावी, केस बांधून टोपीखाली घ्यावेत. हातमोज्यांच्या बाबतीत नवख्यांची हमखास चूक होते. धारदार किंवा तापलेले भाग उचलताना हातमोजे हवेतच, परंतु फिरत्या ड्रिलजवळ किंवा लेथवर ते घातले तर मोज्याचा धागा अडकून हात आत ओढला जाऊ शकतो. हवेच्या नळीने अंगावरील धूळ उडवू नये आणि धातूच्या चिप्स हाताने ओढू नयेत. आपण उभे आहोत तिथून सर्वांत जवळचे इमर्जन्सी बटण कुठे आहे, हे पहिल्या तासाभरात पाहून ठेवावे.

त्यानंतर एकच भाग निवडावा आणि त्याच्या मागोमाग संपूर्ण कारखाना चालावा. फोर्जिंग किंवा कास्टिंग (ठोकून घडवलेला किंवा ओतलेला कच्चा भाग) ज्या दाराने आत येते तिथून सुरुवात करून आवक तपासणी, भांडार, टर्निंग (लेथवर फिरवून कापणे), मिलिंग, ड्रिलिंग, हीट ट्रीटमेंट (तापवून कठीण करणे), ग्राइंडिंग, धुणे, अंतिम तपासणी आणि पॅकिंग असा त्याचा प्रवास कागदावर काढावा. प्रत्येक ठिकाणी त्या भागाच्या किती पेट्या वाट पाहत उभ्या आहेत, हेही लिहावे. भागावर प्रत्यक्ष काम होण्याचा वेळ मिनिटांत मोजता येतो, पण तो कारखान्यात अनेक दिवस पडून असतो. वाट पाहणाऱ्या पेट्या मोजल्या की हे विद्यार्थ्याला कोणी न सांगता उमगते. हा नकाशा आमच्या कार्यपद्धतीच्या दस्तऐवजांमध्ये अधिक नीट काढलेला असतो, तरीही तो स्वतः काढावा, कारण दस्तऐवजात जिथे बाण असतो तिथे प्रत्यक्षात कधी कधी तीन दिवसांचा थांबा असतो.

ओळीच्या टोकाशी लावलेला फलक समजून घ्यावा. त्यावर ओईई (यंत्राची एकूण परिणामकारकता) नावाची एक टक्केवारी बहुधा असते. यंत्र उपलब्ध वेळेपैकी किती वेळ चालले, ठरलेल्या वेगाच्या तुलनेत किती वेगाने चालले आणि झालेल्या भागांपैकी किती चांगले निघाले, या तिन्हींचा तो गुणाकार आहे. तिन्ही आकडे स्वतंत्रपणे उत्तम दिसले, म्हणजे ९० टक्के, ९५ टक्के आणि ९९ टक्के असले, तरी गुणाकार जेमतेम ८४.६ टक्के भरतो. त्या दिवशीचा आकडा कमी का आला, हे आपल्या मार्गदर्शकाला रोज एकदा विचारावे. महिनाभर असे विचारणाऱ्याला कारखान्याची दुखणी कळू लागतात.

ऑपरेटरकडून शिकणे

मशीन शॉपमधील खरे ज्ञान यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाकडे असते. वीस वर्षे एका यंत्रावर काम केलेल्या माणसाला कापण्याचा आवाज बदलला की इन्सर्ट (टूलचा कापणारा तुकडा) झिजल्याचे कळते. अशा वडीलधाऱ्या ऑपरेटरना आमच्याकडे काका किंवा मामा म्हणतात, समवयस्कांना दादा म्हणतात. पदवीच्या जोरावर त्यांना नावाने हाक मारणारा विद्यार्थी पुढचे सहा आठवडे त्यांच्याकडून काहीच शिकत नाही. बोलणे मराठीत किंवा हिंदीत करावे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजीची भीती असते, पण यंत्राजवळ तिचे कारणच पडत नाही. ईमेल आणि अहवाल मात्र इंग्रजीत लागतात, तेव्हा ते लहान आणि साध्या वाक्यांत लिहावेत.

प्रश्न विचारण्याचीही वेळ असते. भाग बसवताना, माप घेताना किंवा टूल बदलताना माणसाला बोलण्यात गुंतवू नये. यंत्राचे दार बंद होऊन कापण्याचा फेरा (सायकल) सुरू झाला की बोलावे. चहाच्या सुट्टीत साहेबांच्या टेबलाकडे न जाता ऑपरेटरच्या बाकावर बसावे, कारण ‘दुपारनंतर हे मशीन जरा वेगळंच वागतं’ असे वाक्य तिथेच कानावर पडते आणि अनेक चांगल्या प्रकल्पांची सुरुवात अशाच वाक्यातून झालेली आहे.

स्टॉपवॉचविषयी एक सूचना अगदी गांभीर्याने देतो. कोणाच्याही कामाचा वेळ त्याला न सांगता मोजू नये. कारखान्यात उत्पादनाचे आकडे वेतन कराराशी जोडलेले असतात, आणि कोणी घड्याळ घेऊन मागे उभा राहिला की आपले उद्दिष्ट वाढवले जाणार, ही कामगाराची शंका अनुभवातून आलेली असते. आधी सुपरवायझरची परवानगी घ्यावी, मग ऑपरेटरला सांगावे की ‘काका, मशीन कशामुळे थांबतं ते मला बघायचं आहे, तुमचा वेग मोजायचा नाही’, आणि हे सांगणे खरे ठेवावे. टिपलेली वही त्यांना दाखवावी. हे न केल्यामुळे एका हुशार विद्यार्थ्याशी संपूर्ण ओळीने बोलणे बंद केले होते आणि ते पुन्हा सुरू करून देताना मला आठवडा लागला होता.

न घेतलेले माप लिहू नये

मेहनतीविषयी बोलताना लोक लवकर येणे आणि उशिरापर्यंत थांबणे सांगतात. वेळेवर यावेच. पाळी सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे यंत्राजवळ असावे, कारण आधीच्या पाळीतील माणूस जाताना जे सांगतो ते नोंदवहीत नेहमी लिहिलेले नसते. परंतु आमच्या कामातील सचोटीची कसोटी तपासणीच्या तक्त्यावर लागते. इंटर्नला पहिले काम बहुधा हेच मिळते : दर तासाला पाच भाग घ्यावेत, ठरलेली मापे मोजावीत आणि तक्ता भरावा. काम कंटाळवाणे असते. तीन दिवस सगळी मापे मर्यादेत आली की चौथ्या दिवशी एखाद्या तासाची पाच मापे बसल्या जागी लिहून टाकण्याचा मोह होतो.

माझ्या प्रशिक्षणाच्या काळात दुसऱ्या पाळीत मी हे केले होते. रात्री नऊच्या फेरीला मी गेलो नाही आणि आधीच्या तासासारखीच पाच मापे लिहिली. दहाच्या फेरीला गेलो तेव्हा बोअर (भागातील गोल छिद्र) लहान झालेले आढळले. टूलचे टोक केव्हा तुटले हे सांगणारी एकमेव नोंद नऊ वाजताची होती आणि ती खोटी होती. नऊची नोंद खरी धरली असती, तर एका तासाचे भाग बाजूला काढून भागले असते. मी खरे सांगितल्यामुळे आठपासूनचे भाग तपासावे लागले, आणि त्या विभागातील एक ज्येष्ठ निरीक्षक पाळी संपल्यावरही थांबून माझ्यासोबत ते सर्व भाग एकेक करून प्लग गेजने (छिद्रात घालून पाहायच्या गेजने) तपासत राहिले. त्यांनी मला एका शब्दाने दुखावले नाही. त्या रात्रीनंतर न घेतलेले माप मी कधीही लिहिलेले नाही.

खोटी मापे ओळखूही येतात. खऱ्या मापांना नैसर्गिक चढउतार असतो, तर बसून लिहिलेल्या मापांमध्ये तेच दोन-तीन आकडे आलटून पालटून येतात आणि टूल झिजते त्या दिशेने सरकणारा कल त्यांत दिसत नाही. म्हणून फेरी चुकली तर तो रकाना मोकळा ठेवावा आणि शेजारी कारण लिहावे. मोकळ्या रकान्याबद्दल बोलणी खावी लागतील, पण तुमची पुढची नोंद विश्वासाने वाचली जाईल. त्याचप्रमाणे भाग हातातून पडला, गेज आपटले किंवा चांगला भाग चुकून नाकारलेल्या भागांच्या लाल पेटीत गेला, तर ते त्याच मिनिटाला सांगावे. पडलेले गेज गुपचूप जागेवर ठेवले तर पुढच्या शेकडो भागांची तपासणी चुकीच्या मोजपट्टीने होते.

लहान प्रश्न निवडून तडीस नेणे

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस प्रकल्पाचा विषय ठरवावा. चांगल्या विषयाची माझी कसोटी अशी आहे की त्यासाठी लागणारी सर्व माहिती तुम्हाला स्वतः गोळा करता आली पाहिजे, त्यावर पैसा खर्च न करता निदान एक प्रयोग करता आला पाहिजे, आणि निकाल आकड्यात सांगता आला पाहिजे. ‘उत्पादकता वाढवणे’ हा विषय होऊ शकत नाही, पण ‘तिसऱ्या क्रमांकाच्या लेथवर शाफ्टचा व्यास कमी का येतो’ हा होतो.

हे शेवटचे उदाहरण काल्पनिक नाही. आमच्याकडे हीट ट्रीटमेंट झालेल्या शाफ्टचे अंतिम टर्निंग होत असे. व्यास ५० मिलिमीटर होता आणि त्यासाठी मुभा (मान्य फरक) शून्य ते उणे ०.०१६ मिलिमीटर, म्हणजे सगळी मिळून १६ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) होती. यंत्रावर मोजलेले शाफ्ट बरोबर निघत, पण अंतिम तपासणीत त्यांतील काही बारीक भरत. दोन्हीकडची उपकरणे तपासून झाली होती. त्या वर्षी आलेल्या इंटर्न मुलीने आठवडाभर फक्त नोंदी ठेवल्या. तिच्या लक्षात आले की चहाच्या सुट्टीनंतर मोजलेल्या पहिल्या शाफ्टबाबत ही तक्रार येत नाही, सलग चालू असताना मोजलेल्या शाफ्टबाबत मात्र येते. चहाच्या सुट्टीत शाफ्ट थंड झालेला असतो, हे तिथल्या काकांनी तिला सांगितले. मग तिने परवानगी घेऊन तीस शाफ्टना क्रमांक दिले. प्रत्येक शाफ्ट यंत्रातून निघाल्याबरोबर आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर असा दोनदा मोजला आणि दोन्ही मापे समोरासमोर लिहिली.

यामागचे गणित अकरावीतील आहे. पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे ११.५ भाग इतके प्रसरण पावते. ५० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट खोलीपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर त्याचा व्यास सुमारे ११.५ मायक्रॉनने मोठा दिसतो. सगळी मुभाच १६ मायक्रॉनची असताना हा फरक प्रचंड आहे. गरम शाफ्ट मोठा दिसतो, म्हणून ऑपरेटर टूल थोडे आत घेतो आणि थंड झाल्यावर तोच शाफ्ट बारीक भरतो. लांबीच्या मापांसाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान जगभर मानले जाते, हे सर्वांनी वाचलेले असते. तिने ते आमच्या लेथसमोर उभे करून दाखवले.

तिने पुढे जे केले त्याला मी पुढाकार म्हणतो. तिने यंत्राच्या सेटिंगला हात लावला नाही आणि थेट व्यवस्थापकांकडेही गेली नाही. तीस शाफ्टचा तक्ता, एक आलेख आणि चार वाक्ये असे एका पानाचे टिपण तिने सुपरवायझरना दाखवली. त्यांच्याबरोबर प्रोसेस इंजिनिअरकडे गेली आणि त्या टिपणात निरीक्षणाचे श्रेय काकांच्या नावे लिहिले. शाफ्ट ठरलेल्या वेळेपुरता थंड करून मगच मोजायचा, असा बदल त्यांनी ठरवला आणि कार्यसूचनेत लिहिला. ती पुढील दोन आठवडे रोज अंतिम तपासणीत जाऊन बारीक भरणाऱ्या शाफ्टची संख्या टिपत राहिली, कारण बदल ठरला म्हणजे तो झाला असे नसते. तिसऱ्या पाळीत जुनीच पद्धत सुरू असल्याचे त्या नोंदींतूनच उघड झाले.

सेटअप बदल हाही इंटर्नसाठी फार चांगला विषय आहे. एका भागाचे काम संपवून दुसऱ्याचे सुरू करण्यासाठी यंत्र थांबते, जॉ (भाग पकडणारे जबडे) बदलतात, टूल बदलतात आणि पहिला भाग मंजुरीसाठी जातो. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी यात एक भेद दाखवून दिला : काही कामे यंत्र थांबल्यावरच करता येतात आणि काही ते चालू असतानाही करून ठेवता येतात. परवानगीने एक संपूर्ण सेटअप पाहावा आणि प्रत्येक हालचालीसमोर वेळ लिहावी. मी पाहिलेल्या बहुतेक सेटअपमध्ये मोठा वेळ ॲलन की शोधण्यात, जॉ भांडारातून आणण्यात आणि पहिल्या भागाच्या मंजुरीची वाट पाहण्यात जातो. हे सामान आधीच एका ट्रॉलीवर लावून ठेवण्याचा प्रयोग एका आठवड्यात करता येतो.

कारण शोधताना टोयोटामध्ये ताइइची ओहनो यांनी रुजवलेली पाच वेळा ‘का’ विचारण्याची रीत सर्वजण वापरतात. ती वापरताना प्रत्येक उत्तर प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासावे. ऑफिसमध्ये बसून पाच ‘का’ विचारले, तर पाचवे उत्तर नेहमी ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ असे येते आणि ते बहुतेक वेळा चुकीचे असते.

रोजची वही आणि काम नसलेला दिवस

खिशात मावेल अशी एक वही ठेवावी. तीत तारीख, पाळी, यंत्राचा क्रमांक, पाहिलेली गोष्ट आणि न समजलेला शब्द एवढेच लिहावे. आठवड्याच्या शेवटी त्यातून एक पान तयार करून मार्गदर्शकाला न मागता द्यावे. काय पाहिले, काय मोजले, कुठे अडलो आणि पुढच्या आठवड्यात काय करणार, इतके त्यात पुरेसे असते. ‘कुठे अडलो’ हा भाग विद्यार्थी गाळतात आणि मी नेमका तोच आधी वाचतो.

असे दिवस येतात की मार्गदर्शक ग्राहकाच्या ऑडिटमध्ये अडकलेला असतो आणि इंटर्नकडे कोणाचे लक्ष नसते. त्या दिवशी मोबाइल घेऊन कॅन्टीनमध्ये बसणे सर्वांत सोपे असते आणि ते सर्वांना दिसते. अशा वेळी ‘सर, काही काम आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘सर, लाल पेटीतले कालचे भाग दोषांप्रमाणे वेगळे करून त्यांची संख्या लिहू का’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नात काम शोधण्याचे ओझे मार्गदर्शकावर पडते, दुसऱ्याला तो चालता चालता होकार देऊ शकतो. नाकारलेले भाग वेगळे करणे, गेजवरील कॅलिब्रेशनच्या (अचूकता तपासणीच्या) चिठ्ठ्यांच्या तारखा पाहून मुदत संपत आलेल्यांची यादी करणे, जुन्या नोंदवहीतील बिघाडांचे कारणवार वर्गीकरण करणे, ही कामे नेहमी उपलब्ध असतात आणि त्यांची गरजही नेहमी असते.

पुढाकाराच्या मर्यादा

यंत्राचा ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती), प्रोग्रॅम किंवा सुरक्षा कुंपण स्वतःच्या निर्णयाने बदलू नये. आपले म्हणणे बरोबर असले तरीही बदलू नये, कारण त्या बदलाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला तो माहीतच नसतो. ड्रॉइंगचे किंवा भागांचे फोटो काढू नयेत. अनेक कारखान्यांत प्रवेशद्वारावरच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. ग्राहकाचे नाव आणि आकडे असलेला तक्ता लिंक्डइनवर टाकल्यामुळे विद्यार्थ्याची आणि त्याच्या मार्गदर्शकाचीही अडचण होते. महाविद्यालयाच्या अहवालात काय छापता येईल, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

मेहनतीलाही मर्यादा आहे. सलग दोन पाळ्या थांबून दाखवण्यात कोणतेही शौर्य नाही. दमलेला माणूस यंत्राजवळ धोकादायक असतो. कामगार आला नाही म्हणून इंटर्नला प्रशिक्षणाशिवाय यंत्रावर उभे केले जात असेल, किंवा उत्पादनासाठी सुरक्षा स्विच बांधून ठेवून काम करायला सांगितले जात असेल, तर नम्रपणे पण स्पष्ट नकार द्यावा आणि त्याच दिवशी महाविद्यालयाच्या समन्वयकांना कळवावे. असा नकार दिल्यामुळे आपले प्रमाणपत्र अडेल, अशी भीती विद्यार्थ्यांना वाटते. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो की प्रमाणपत्र पुन्हा मिळवता येते, बोट पुन्हा मिळत नाही.

अखेरचा आठवडा

सादरीकरण दहा मिनिटांचे ठेवावे आणि ते ज्यांच्या यंत्रावर काम केले त्यांनाही बोलवावे. आधीची स्थिती, केलेला प्रयोग, आलेले आकडे आणि अपुरे राहिलेले काम, या क्रमाने सांगावे. प्रयोग फसला असेल तर तसेच सांगावे. एका इंटर्नने तीन आठवडे घालवून सिद्ध केले होते की कूलंटच्या (कापताना सोडल्या जाणाऱ्या थंडाव्याच्या द्रवाच्या) तीव्रतेचा पृष्ठभागाच्या खरखरीतपणाबाबतच्या आमच्या तक्रारीशी संबंध नव्हता, आणि त्यामुळे आम्ही ती दिशा कायमची सोडू शकलो. ते काम मला अनेक यशस्वी प्रकल्पांपेक्षा मोलाचे वाटते.

आपल्या नोंदी, मोजमापांचे मूळ तक्ते आणि फाइल एका फोल्डरमध्ये नावे देऊन मार्गदर्शकाकडे सोपवाव्यात. पुढच्या वर्षी येणाऱ्या इंटर्नला ते काम तिथून पुढे नेता आले पाहिजे, म्हणून कोणते माप कोणत्या उपकरणाने घेतले हेही लिहावे. शिफारसपत्र हवे असल्यास शेवटच्या दिवशी सायंकाळी न मागता आठवडाभर आधी मागावे आणि आपण केलेल्या कामाचे चार मुद्दे सोबत द्यावेत, म्हणजे मार्गदर्शकाला ठोस लिहिता येते. निघण्यापूर्वी तिन्ही पाळ्यांतील ज्या ज्या माणसांनी शिकवले त्यांना भेटावे. त्यासाठी एक दिवस सकाळी सहाला यावे लागले तरी यावे. मग हेल्मेट, चष्मा आणि आपल्या नावावर घेतलेले मायक्रोमीटर भांडारात परत करावे, त्याचे शून्य तपासून घ्यावे आणि नोंदवहीत परतीच्या रकान्यासमोर सही करावी.